आपल्या परिसरातल्या कलाकारांची ना-नफा संस्था उभी करायची असेल तर

तुमचा प्रश्न मी असा समजले आहे. तुम्ही चित्रकार आहात. तुमच्या परिसरात, आसपासची चार-पाच गावं धरून, चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार आणि छापचित्रं करणारे विखुरलेले आहेत. व्हॉट्सॲपच्या समूहात दीडशेच्या वर नावं आहेत, पण भेटायला बोलावलं की सात-आठ जणच येतात. या सगळ्यांची मिळून एक ना-नफा संस्था व्हावी असं तुम्हाला वाटतं. नोंदणी आधी करावी की सभासद आधी जमवावेत, पैसा कुठून आणावा, आणि कलाशाळेत शिकलेले व हौशी एकत्र नांदतील का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी बरीच वर्षं याच कामात आहे. कधी कार्यकारिणीत, कधी नुसती सभासद म्हणून, कधी दुसऱ्यांच्या संस्थांना नियमावली आणि हिशेबाची घडी बसवून देताना. त्यामुळे मी लिहितेय ते बहुतेक दृश्यकलेच्या संस्थांना धरून आहे. नाटक किंवा संगीताच्या मंडळींचं गणित थोडं वेगळं असतं, कारण ती मुळातच एकत्र येऊन काम करतात. चित्रकार एकटा काम करतो. त्याला एकत्र यायला काहीतरी ठोस कारण लागतं, आणि तुमची खरी अडचण तिथे आहे.

'बोलावलं की सात-आठ जणच येतात' हे तुम्ही निराश होऊन लिहिलंय. मला मात्र तुमच्या सगळ्या प्रश्नात तेच वाक्य सगळ्यात आशेचं वाटलं. बाकीच्या एकशेचाळीस जणांना घर सोडून यावं असं काही तुम्ही अजून देऊ केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं म्हणून ते येणार नाहीत. लेटरहेड, बोधचिन्ह, उद्घाटन यांनीही येणार नाहीत. तेव्हा पहिलं वर्ष हे सात-आठ जण आणि एक नियमित काम, एवढ्यावरच काढावं असं माझं ठाम मत आहे. नोंदणी त्यातून पुढे गरज पडली की करावी.

यात परिस्थितीवर अवलंबून असणारा भाग बराच आहे, तो आधीच सांगते. तुमच्याकडे कलाशाळा किंवा कलादालन असेल तर जागेचा आणि माहितीचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो. तुमच्यातले किती जण कलेवरच पोट भरतात आणि किती जण नोकरी सांभाळून चित्रं काढतात, यावर भेटीची वेळ, वर्गणी, सगळं ठरतं. तुमच्याकडे कुणी आधीच देणगी देऊ करत असेल तर नोंदणी लवकर करावी लागेल. आणि कायदा तर जागोजागी वेगळा, त्यामुळे त्याच्या तपशिलात स्थानिक सल्लागाराला पर्याय नाही.

आता कामाकडे. पहिले दोन-तीन महिने सभा बोलावू नका. त्याऐवजी तुमच्या सात-आठ जणांनी वाटून घेऊन जमतील तेवढ्या कलाकारांना त्यांच्या कामाच्या जागी जाऊन भेटावं. 'संस्था काढली तर याल का?' असं विचारू नये. त्याला सगळे होच म्हणतात आणि त्या होकारातून काहीच कळत नाही. विचारावं ते घडून गेलेलं: गेल्या वर्षी तुमची किती चित्रं घराबाहेर गेली? शेवटचं चित्र कुणी विकत घेतलं आणि त्याच्यापर्यंत तुम्ही कसे पोचलात? फ्रेम कुठून करून घेता? अर्धवट राहिलेलं काम शेवटचं कुणाला दाखवलंत? कुठल्या स्पर्धेची तारीख उलटून गेल्यावर कळली? अशा प्रश्नांना माणसं खरी उत्तरं देतात आणि त्यांतून गरज उघडी होते.

मला आजवर भेटलेल्या गरजा साधारण अशा. अर्धवट काम दाखवायला जाणकार डोळे नाहीत. मोठं काम करायला जागा नाही. ग्राहक कुठे असतो हेच माहीत नाही. चित्र शहरात नेण्याचा खर्च चित्राच्या अपेक्षित किमतीच्या जवळ जातो. मॉडेल बसवून रेखाटन करायचं तर एकट्याला मानधन परवडत नाही. छापयंत्र, भट्टी, प्रोजेक्टर यांतलं काहीच हाताशी नाही. अर्ज आणि स्वतःबद्दलची चार ओळींची माहिती लिहिता येत नाही, म्हणून शिष्यवृत्त्या आणि निवासी कार्यशाळा हुकतात. यांपैकी तुमच्याकडे कुठली एक गरज सगळ्यात जास्त जणांनी, न सुचवता बोलून दाखवली ते पाहा. पहिलं काम तेच. एकच.

विखुरलेल्या परिसरात अंतर हा खर्चाचा आणि रुसव्याफुगव्यांचाही सगळ्यात मोठा उगम असतो. भेट नेहमी एकाच मोठ्या गावात ठेवली की वर्षभरात संस्था त्या गावाची होते आणि बाकीचे नावापुरते उरतात. दरवेळी ठिकाण बदललं तर कुणालाच सवय लागत नाही. मला चाललेला मार्ग मधला आहे: एक ठरलेलं ठिकाण, ठरलेला वार, महिन्यातून एकदा, कधीही न चुकवता, आणि तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या गावात, तिथल्याच कुणाच्या तरी स्टुडिओत. त्या दिवशी यजमान कलाकाराचं काम सगळ्यांनी पाहायचं. दूरच्या माणसाला वर्षातून निदान एकदा तरी वाटलं पाहिजे की आज बाकीचे माझ्याकडे आले. येण्याजाण्यासाठी गाड्या वाटून घेण्याचं काम एका माणसाकडे नेमून द्या. हे अगदी साधं काम आहे आणि यानेच उपस्थिती वाढलेली मी पाहिली आहे.

तुमच्या गरजांच्या यादीत 'काम दाखवायला कुणी नाही' हे वर आलं, आणि बहुतेक वेळा येतंच, तर चर्चा-बैठकीपासून सुरुवात करा. तिला खर्च जवळजवळ नाही. पद्धत मात्र हवी. आमच्याकडे चित्र डोळ्याच्या उंचीवर लावतात आणि पहिली दहा मिनिटं ज्याचं चित्र आहे त्याने बोलायचं नसतं. बाकीच्यांनी 'छान', 'आवडलं' हे शब्द बाजूला ठेवून फक्त काय दिसतंय ते सांगायचं. मग चित्रकाराने प्रश्न विचारायचे. सूचना सगळ्यात शेवटी, त्याने मागितल्या तरच. एकदा एका तरुणाने भर दुपारच्या अंगणाचं जलरंगातलं चित्र आणलं होतं. पहिले चौघं ते संध्याकाळचं धरूनच बोलत गेले. त्याने भिंतीवरच्या उन्हाच्या पिवळ्यात लाल मिसळला होता आणि अंगणातल्या खांबाची सावली अर्ध्या फरशीपर्यंत लांबवली होती. ती सावली बोट ठेवून पहिल्यांदा दाखवली ती कलाशाळेत कधी न गेलेल्या, जमिनीची मोजणी करण्यात आयुष्य गेलेल्या एका सभासदाने. सावली एवढी लांब पडायला सूर्य किती खाली हवा ते त्याने हाताने कोन करून सांगितलं. चित्रकाराला महिनाभर घरात समोर ठेवूनही ते दिसलं नव्हतं.

शिकलेले आणि हौशी एकत्र नांदतील का, या तुमच्या शंकेला माझं उत्तर यात आहे. एका टेबलाभोवती काम समोर असलं की ते उत्तम नांदतात. भांडण होतं ते भिंतीवरून, म्हणजे प्रदर्शनात कुणाचं लागणार आणि कुठे लागणार यावरून. म्हणून सभासदत्व आणि प्रदर्शनातली निवड या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. सभासद कुणीही होऊ शकतो: वर्गणी भरली, नियम मान्य केले, झालं. प्रदर्शनं मात्र दोन प्रकारची ठेवा. एक खुलं, जिथे प्रत्येक सभासदाला ठरावीक जागा मिळते. दुसरं निवडीचं, जिथे बाहेरचे, तुमच्या परिसराशी हितसंबंध नसलेले दोन-तीन जाणकार निवड करतात आणि त्यांची नावं आधी जाहीर असतात. खुल्या प्रदर्शनाची परंपरा जुनी आणि सन्मानाची आहे. पॅरिसमध्ये 1884 साली सुरू झालेल्या स्वतंत्र कलाकारांच्या संस्थेचं ब्रीदच 'ना परीक्षक, ना पारितोषिक' असं होतं. तिच्या संस्थापकांत जॉर्ज सरा आणि पॉल सिन्याक हे नामवंत चित्रकार होते. तेव्हा खुलं म्हणजे दर्जाहीन असं कुणी म्हणालं तर दबून जायचं कारण नाही. पण निवडीचं प्रदर्शन अजिबात ठेवलं नाही तर पूर्णवेळ काम करणारे हळूहळू येईनासे होतात, हेही मी पाहिलं आहे. दोन्ही लागतं.

इथे एक जुनं उदाहरण थोडं सविस्तर सांगते, कारण संस्था काढणाऱ्या कलाकारांना पडणारे जवळजवळ सगळे प्रश्न त्यात आहेत. पुढे दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) म्हणून ओळखले गेलेले मोने, पिसारो, रेन्वार, देगा वगैरे फ्रान्समधल्या चित्रकार मंडळींनी डिसेंबर 1873 मध्ये स्वतःची सहकारी संस्था स्थापन केली. सरकारी वार्षिक प्रदर्शनाच्या परीक्षकांवर अवलंबून राहायचं नव्हतं, हे कारण. नियमावलीसाठी पिसारोने त्याच्या भागातल्या बेकरीवाल्यांच्या संघाची नियमावली पुढे केली. इतके नियम आणि दंड कशाला, म्हणून रेन्वारने विरोध केला. शेवटी सभासदाची वर्गणी 60 फ्रँक ठरली आणि विक्रीवर दहा टक्के संस्थेचे. कुणाचं चित्र कुठे लागणार यावरून वाद होऊ नये म्हणून आधी आकारमानाप्रमाणे गट करून मग चिठ्ठ्या टाकायचं ठरलं.

15 एप्रिल 1874 ला छायाचित्रकार नादारच्या रिकाम्या झालेल्या स्टुडिओत प्रदर्शन उघडलं. सुमारे तीस कलाकार, दीडशेच्या वर कामं, एक फ्रँक तिकीट. नोकरदारांनाही येता यावं म्हणून रात्री आठ ते दहा पुन्हा उघडं. महिनाभरात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं येऊन गेली. पण चित्रं लावायला नेमलेल्या समितीतले बाकीचे फिरकलेच नाहीत आणि भिंतींचं काम बहुतांशी एकट्या रेन्वारने केलं. प्रदर्शनातल्या चित्रांच्या छापील सूचीचं काम त्याच्या भावाच्या गळ्यात पडलं. वर्ष संपता संपता हिशेब झाला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या वाट्याला 184.50 फ्रँक देणं आलं. डिसेंबरमध्ये त्यांनी संस्था विसर्जित केली. एकत्र प्रदर्शनं मात्र थांबली नाहीत. 1886 पर्यंत आणखी सात झाली.

या गोष्टीतून मी तीन गोष्टी घेते. चित्र कुठे लागणार याचा नियम चित्रं येण्याआधी ठरलेला हवा. ठरवलेली समिती आणि प्रत्यक्ष राबणारे हात यांत फरक पडतो, त्यामुळे प्रत्येक कामाला एक नाव आणि एक बदली नाव कागदावर हवं. आणि पहिल्याच वर्षी मोठ्या खर्चाचं प्रदर्शन घेतलं की संस्था त्या खर्चाखाली दबू शकते, सभासद कितीही गुणी असोत.

म्हणून पहिलं प्रदर्शन लहान ठेवा, पण त्याची कागदपत्रं मोठ्या संस्थेसारखी ठेवा. चित्रं स्वीकारायच्या टेबलावर काय होतं ते पाहिलं की संस्थेची तब्येत कळते. कुणी फ्रेमला हूकच लावलेला नसतो. कुणाच्या चित्राच्या मागे नाव नसतं, आणि सारख्या आकाराची दोन निसर्गचित्रं शेजारी ठेवली की संध्याकाळी ओळखू येत नाहीत. कुणाचं वार्निश अजून चिकट असतं आणि वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं, त्याची अक्षरं कोपऱ्यात उमटलेली. प्रत्येक चित्रासाठी दोन प्रतींची पावती करा: नाव, माध्यम, फ्रेमसह आकार, किंमत, आणि चित्र हाती आलं त्या क्षणाची अवस्था. 'डाव्या खालच्या कोपऱ्यात फ्रेमला आधीच टवका' असं लिहून दोघांनी सही करायची आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. चित्र विकलं तर संस्थेचे किती टक्के, पैसे किती दिवसांत देणार, वाहतुकीत नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, चित्राचा फोटो संस्था कशासाठी वापरू शकते, हे त्याच कागदाच्या मागच्या बाजूला छापा. चित्र विकल्याने त्याच्या प्रती काढायचा हक्क आपोआप जात नाही, हे कलाकार आणि ग्राहक दोघांनाही सांगावं लागतं. ते सांगणं संस्थेचं काम आहे.

पैशाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण कलाकारांच्या संस्थांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. ना-नफा संस्थेने पैसे मिळवू नयेत असा समज आहे. संस्थेला शिल्लक राहू शकते, राहायलाच हवी. ती सभासदांत किंवा पदाधिकाऱ्यांत वाटायची नसते, संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च करायची असते, एवढंच बंधन. काम करणाऱ्याला मानधन देणं, पगारी व्यवस्थापक ठेवणं हे त्या बंधनात बसतं.

वर्गणी किती असावी? माझा नियम असा की संस्थेचा नेहमीचा खर्च, म्हणजे बैठकीच्या जागेचं भाडं, छपाई, हिशेबनीस, संकेतस्थळ, हे वर्गणीतून आणि लहानसहान शुल्कातून भागलं पाहिजे. ते भागत नसेल तर खर्च कमी करा. अनुदान आणि प्रायोजकांचा पैसा ठरावीक उपक्रमासाठी घ्यावा: एक प्रदर्शन, एक कार्यशाळा, एक छापयंत्र. अनुदान देणारे बहुतेक वेळा उपक्रमाला पैसे देतात, भाड्याला आणि पगाराला देत नाहीत किंवा फार थोडे देतात. शिवाय पैसे अनेकदा काम झाल्यावर येतात. रोजचा खर्च अनुदानावर लटकवलेली संस्था एका वर्षी अर्ज नामंजूर झाला की बंद पडते. हातात निदान सहा महिन्यांचा नेहमीचा खर्च शिल्लक असल्याशिवाय मी कुठल्याही संस्थेला भाड्याची कायमची जागा घेऊ देत नाही.

कलेतूनच संस्थेचा खर्च काढता येतो का? येतो, पण त्याला शिस्त लागते. चेन्नईजवळचं चोळमंडल कलाग्राम हे याचं ठळक उदाहरण. चित्रकार के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकाराने 1966 मध्ये ते उभं राहिलं. तिथल्या चित्रकार-शिल्पकारांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या. त्यातून जमीन आणि उदरनिर्वाह सांभाळला आणि उरलेला वेळ स्वतःच्या चित्रांना दिला. विकली जाणारी वस्तू एकीकडे, स्वतःचं काम दुसरीकडे, अशी त्यांनी स्पष्ट विभागणी केली होती. तुमच्यात शुभेच्छापत्रं, छापील प्रती, दिनदर्शिका अशा वस्तू करणारे असतील तर विचार जरूर करा. मात्र संस्थेने सांगितलं म्हणून सगळ्यांनी तेच करावं असा आग्रह धरू नका.

आणि कलाकाराला पैसे द्या. कलाकारांची संस्था असूनही प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या, शिकवणाऱ्या, परीक्षण करणाऱ्या कलाकाराला शाल आणि आभार देऊन पाठवतात, ही गोष्ट मला मनापासून लागते. मंडपवाल्याला, छापखान्याला पैसे मिळतात. ज्याच्यासाठी सगळे जमले त्याला मिळत नाहीत. अंदाजपत्रकात मानधनाची ओळ सगळ्यात वर लिहा, बाकीचा खर्च त्याखाली. रक्कम लहान असली तरी चालेल, ती आधी ठरलेली आणि सगळ्यांना सारखी असावी. कॅनडात 1968 मध्ये कलाकारांनीच स्थापन केलेल्या कार्फॅक या संस्थेने हाच मुद्दा धरून ठेवला: कलाकृती दाखवायची किंवा छापायची तर कलाकाराला शुल्क मिळालं पाहिजे. त्यासाठी त्यांनी दरपत्रक तयार केलं. 1988 मध्ये त्यांच्या देशाच्या कॉपीराइट कायद्यात प्रदर्शनाचा हक्क आला. तुमची संस्था लहान असली तरी असं एक पानी दरपत्रक करू शकते. परिसरातल्या शाळा, दवाखाने, हॉटेलं 'तुमची चित्रं लावू, प्रसिद्धी मिळेल' म्हणतात तेव्हा एकट्या कलाकाराला नाही म्हणणं जड जातं. संस्थेचा कागद पुढे करणं सोपं जातं.

जागेबद्दल थोडक्यात. विकत घेण्याच्या फंदात लवकर पडू नका. वापरात नसलेल्या इमारती ठरावीक मुदतीसाठी मिळतात का ते पाहा. लंडनमध्ये 1968 साली ब्रिजेट रायली आणि पीटर सेज्ली या कलाकारांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'स्पेस' या संस्थेने गोदीतल्या रिकाम्या गोदामात कलाकारांसाठी स्टुडिओ केले. ती जागा पुढे पुनर्विकासात गेली, पण संस्था इतर इमारतींत पसरली. मुदतीची जागा घेताना वीज, पाणी, आगीपासून सुरक्षितता आणि सोडायची नोटीस किती दिवसांची हे लेखी असू द्या, आणि तिथे असं काही बांधू नका जे उचलून नेता येणार नाही.

आता नोंदणी. तीन प्रसंगी ती टाळता येत नाही. संस्थेचे पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात साठायला लागले, संस्थेच्या नावाने करार करायची किंवा यंत्र विकत घ्यायची वेळ आली, किंवा कुणी मोठी देणगी वा अनुदान देऊ केलं, की नोंदणी करा. तोवर एखाद्या जुन्या, विश्वासू नोंदणीकृत संस्थेचा उपक्रम म्हणून काम करता येतं. फक्त पैसा, नाव आणि वस्तू कुणाच्या, हे त्यांच्याशी लेखी ठरवा. नोंदणीचे प्रकार साधारण तीन: सभासदांनी कार्यकारिणी निवडायची अशी संस्था, विश्वस्तांच्या हाती कारभार असलेला न्यास (ट्रस्ट), आणि ना-नफा कंपनी. सभासदांनी चालवायची चळवळ असेल तर पहिला प्रकार मला बरा वाटतो. एखाद्या कलाकाराचा वारसा किंवा इमारत जपायची असेल तर न्यास सोयीचा. कंपनीला शिस्त चांगली असते, पण दरवर्षीची कागदपत्रं आणि त्यांचा खर्च लहान मंडळाला झेपतोच असं नाही. नोंदणी झाली म्हणजे करसवलत मिळाली, असंही नसतं. बहुतेक ठिकाणी त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

नियमावली कुणाची तरी जशीच्या तशी उतरवून घेऊ नका. वर्गणी, मतदान, गणपूर्ती (कोरम), सर्वसाधारण सभा ही कलमं सगळीकडे सारखीच असतात. तुमचं डोकं पुढच्या चार कलमांवर खर्च करा. एक, पदाची मुदत: एका पदावर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी राहायचं नाही. दोन, हितसंबंध: निवड समितीत असलेल्याने स्वतःचं, घरच्यांचं किंवा शिष्यांचं काम समोर आलं की उठून बाहेर जायचं, आणि ते इतिवृत्तात लिहायचं. तीन, पैसा: बँकेत दोन सह्या, आणि दर महिन्याचा जमाखर्च सगळ्या सभासदांना. मागितल्यावर देतो म्हणू नये, आपणहून पाठवावा. चार, विसर्जन: संस्था बंद झाली तर शिल्लक आणि वस्तू तत्सम उद्दिष्टाच्या दुसऱ्या ना-नफा संस्थेकडे जातील. हे शेवटचं कलम सुरुवातीला कुणाला लिहावंसं वाटत नाही. पण ज्या दिवशी भांडण होतं त्या दिवशी छापयंत्र कुणाच्या घरी जाणार हे त्यावरच ठरतं.

एवढं सगळं वाचून दडपण आलं असेल तर क्रम पुन्हा सांगते: आधी घरोघरी भेटी, त्यातून एक गरज, त्या गरजेचं एक नियमित काम, मग लहान प्रदर्शन, आणि पैसा व करार यांची वेळ आली की नोंदणी.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ठरवावी लागेल. तुम्हाला संस्था हवी आहे की गट? मुंबईत 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. काही वर्षांतच सूझा आणि बाकरे लंडनला, रझा पॅरिसला गेले आणि 1956 मध्ये गट संपला. भारतीय चित्रकलेवरचा त्याचा परिणाम मात्र आजही टिकून आहे. त्याच शहरात 1888 साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी पिढ्या बदलत गेल्या तरी आपली वार्षिक प्रदर्शनं भरवत आली. एक समविचारी माणसांचा तीव्र काळ होता, दुसरी अनोळखी तरुणाला पहिली भिंत देणारी व्यवस्था आहे. तुमच्या सात-आठ जणांची कलेबद्दलची मतं एक असतील, तुम्हाला एकमेकांच्या कामात रस असेल आणि बाकीच्यांची जबाबदारी नको असेल, तर गट करा. त्यात कमीपणा काही नाही, नोंदणीची कटकटही नाही. पण ज्यांची चित्रं तुम्हाला स्वतःला आवडत नाहीत त्यांच्यासाठीही जागा, माहिती आणि मानधन मिळवायची तुमची तयारी असेल, तरच संस्था काढा. हा प्रश्न पुढच्या भेटीत सातही जणांनी एकमेकांना स्पष्ट विचारावा.

नेतृत्वाबद्दल इतकंच म्हणेन की सगळ्यात चांगला चित्रकार अध्यक्ष करू नका. त्याला चित्रं काढू द्या. हिशेब चोख ठेवणारा, फोन उचलणारा आणि कुणाच्या गटात न बसणारा माणूस शोधा, आणि पहिल्या वर्षापासून त्याच्या शेजारी एक तरुण सभासद शिकायला बसवा. समूहाचे पासवर्ड, सभासदांची यादी, चित्रांच्या पावत्या हे एकाच माणसाच्या मोबाइलमध्ये राहू देऊ नका.

पुढची भेट ठरवताना समूहात 'सगळ्यांनी यावे' असा एक संदेश टाकून थांबू नका. तुम्ही सात जणांनी प्रत्येकी दोघांना फोन करा आणि अर्धवट राहिलेलं एक काम घेऊन यायला सांगा. भेटींमधून कुठली गरज वर आली ते इथे लिहा. तुमची नियमावली तयार झाली की तिचा मसुदा मी आनंदाने वाचेन.